एचआयव्ही असताना पिशवीच्या तोंडाची तपासणी: व्हीआयए, पॅप की डीएनए?

ठाण्याहून वाशीला जाताना ऐरोली गेल्यावर ताईंनी पर्समधून घडी केलेला रिपोर्ट काढून माझ्या हातात दिला. एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, येणाऱ्या बायकांसोबत मी तपासणीला जाते, त्यामुळे असे कागद सवयीचे आहेत. पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा, कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीचा तो रिपोर्ट. त्यावर तीनच ओळी होत्या. एचपीव्ही १६ निगेटिव्ह. एचपीव्ही १८ निगेटिव्ह. इतर हाय-रिस्क पॉझिटिव्ह.

"तीनातल्या दोन चांगल्या आल्या ना?" त्यांनी विचारलं.

कुठली तपासणी करायची हे ठरवताना मी याच तिसऱ्या ओळीपासून सुरुवात करते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडेच असतं. पण एचआयव्ही असलेल्या बाईच्या शरीरातून एचपीव्ही लवकर जात नाही. एकाच वेळी दोन-तीन प्रकार सापडणं, ३१, ३३, ४५, ५२, ५८ यांसारखे बाकीचे प्रकार सापडणं तिच्यात जास्त दिसतं. या कॅन्सरचा तिचा धोका इतर बायकांच्या सुमारे ६ पट आहे. त्यामुळे तिसरी ओळ सोडून चालत नाही.

व्हीआयए सगळ्यात सोपी. पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावतात, मिनिटभरात पांढरा डाग उमटतो का ते बघतात आणि उत्तर तिथल्या तिथे मिळतं. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी ही तपासणी करवली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे फार मोठं काम आहे. मात्र बघणाऱ्याच्या नजरेवर बरंच अवलंबून राहतं, आणि पाळी गेल्यावर जिथे बदल होतात तो भाग आत सरकतो, मग नीट दिसत नाही.

पॅप स्मिअरमध्ये पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. रिपोर्टला काही दिवस लागतात, आणि एका खेपेत बदल निसटू शकतो. पॅप वेळच्या वेळी होत राहिली तरच उपयोगाची, आणि आपल्याकडे गाडी तिथेच अडते.

डीएनए तपासणी थेट विषाणू शोधते. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १ लाख ३१ हजारांवर बायकांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. एकेकदाच केलेल्या पॅप आणि व्हीआयएने तेवढा फरक पडला नाही. नमुना स्वतःचा स्वतः घेता येतो, ही संकोच वाटणाऱ्या बाईसाठी मोठी सोय. पैसे पॅपपेक्षा बरेच जास्त पडतात. तरीही गोळ्या चालू असलेल्या बाईला माझा सल्ला डीएनएचाच. जागतिक आरोग्य संघटना तिच्यासाठी २५ व्या वर्षापासून, दर ३ ते ५ वर्षांनी हीच तपासणी सुचवते. डीएनएची सोय नसेल तर व्हीआयए आजच करून घ्या, थांबू नका.

कुणी कुणी विषाणूच्या उपप्रकाराची जनुकीय तपासणीही करायची का, असं विचारतात. १६ नंबरच्या ए, बी, सी, डी अशा चार शाखा आहेत आणि त्यांचा धोका सारखा नसतो, हे खरं. डी शाखेचा संबंध ग्रंथींच्या पेशींपासून होणाऱ्या कॅन्सरशी जास्त दिसतो. संशोधनासाठी हे मोलाचं आहे. पण शाखा कळल्याने आज तुमचा उपचार बदलत नाही. ते पैसे कॉल्पोस्कोपीसाठी, म्हणजे पिशवीचं तोंड भिंगातून मोठं करून बघण्याच्या तपासणीसाठी, ठेवा.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, हे मी ताईंना दोनदा सांगितलं. पुढे कॉल्पोस्कोपी, डाग दिसला तर तुकडा तपासणी. काही निघालं नाही तरी १२ महिन्यांनी परत तपासणी, आणि उपचार झाले तरीही १२ महिन्यांनीच. मध्ये गोळ्या चुकवायच्या नाहीत. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण, दबलेला असला की शरीराला एचपीव्हीशी लढायला बळ मिळतं. डॉक्टरांना एचआयव्हीचं सांगावं का, असा त्यांचा शेवटचा प्रश्न होता. सांगा, म्हटलं, कारण तपासणी किती वर्षांनी करायची ते त्यावर ठरतं. आणि कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय ते दुसऱ्या कुणाला सांगण्यास २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे.

तुर्भे आलं तेव्हा त्यांनी एआरटीचं पुस्तक मांडीवर उघडलं आणि पुढच्या गोळ्यांच्या तारखेखाली पेनाने लिहिलं: कॉल्पोस्कोपी, मंगळवार.