स्मिथ अँड वेसन मॉडेल ४१ : नऊ महिने वापरल्यावर, आणि कमरेला लावायचं का त्याबद्दल

गेल्या दोन महिन्यात तीन जणांनी हेच विचारलं की दादा ते स्टीलचं टार्गेट पिस्तूल तुम्ही घेतलंय ना, तर मग तेच सेल्फ प्रोटेक्शनला पण चालेल का, म्हणजे एकातच दोन्ही कामं होतील. मी स्वतः घेताना अगदी हाच विचार केला होता, म्हणून आता सविस्तर लिहितो.

आधी परिस्थिती सांगतो. मार्केटयार्डात भुसाराचा गाळा आहे, घर बिबवेवाडीत. लायसन्स जुनं आहे. वडिलांची बाराबोअर वारसा हक्कानं माझ्या लायसन्सवर आली, ती एक झाली. २०१९ ला कायदा बदलला आणि तीनाच्या जागी दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणजे माझ्याकडे एकच जागा शिल्लक. त्या एका जागेवर काय घ्यायचं ह्याच्यात मी दीड वर्ष घालवलं. ९ एमएम आपल्याला मिळत नाही, ते प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेलं, त्यामुळं राहिलं थर्टी टू (.३२) नाहीतर टू टू (.२२). आणि बाहेरची हत्यारं ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला आयात करता येत नाहीत, त्यामुळं त्याआधी जे देशात आलं तेच हातोहात फिरतंय आणि त्याचा भाव दरवर्षी वर जातो. क्लबमधल्या एका वयस्कर काकांचं हे टू टूचं ४१ विकायला होतं, साडेपाच इंची हेवी बॅरल, म्हणजे जाड नळी, निळसर काळं पॉलिश अजून आरशासारखं. हातात घेतलं आणि ठरलं. त्यांच्या लायसन्सवरून माझ्यावर चढवायला, परवानगी, डीलर, सगळं धरून पाच महिने गेले. आकडा लिहीत नाही, पण त्या पैशात मला चांगला छोटा हत्ती आला असता.

आता वस्तूबद्दल. हे मॉडेल कंपनीनं १९५७ ला आणलं, तेव्हापासून मूळ रचना तीच आहे. ट्रिगर गार्ड खाली ओढला की बॅरल सरळ वर उचलून निघतं, एक स्क्रू नाही काही नाही. मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, स्लाइडवर (गोळी सुटली की मागंपुढं सरकतो त्या वरच्या भागावर) नसून बॅरलच्याच पट्टीवर बसवलेली असते, त्यामुळं स्लाइड किती का हलेना, पुढची आणि मागची साइट एकमेकांपासून हलत नाहीत. हे मला सुरुवातीला फार मोठं वाटलं नव्हतं, पण महिनाभर मारल्यावर कळलं की खरी गोम इथंच आहे. ट्रिगर तीन पौंडाच्या आसपास, म्हणजे साधारण एक किलो साडेतीनशे ग्रॅम, आणि तुटतो तो काचेची काडी मोडावी तसा, अलीकडं ओढ नाही पलीकडं झोल नाही. पंचवीस मीटरच्या प्रिसिजन टार्गेटचं दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं, रेस्टवर हात टेकवून मारलं की पाचच्या पाच त्याच्यात जातात. बिनटेक्याचं माझं अजून तसं नाही, पण तो हात माझा आहे, पिस्तुलाचा दोष नाही.

एक गोष्ट घेणाऱ्यांनी नक्की बघा, ह्याच्यात सात इंची बॅरल पण येतं. सात इंच म्हणजे १७८ मिलिमीटर, आणि पंचवीस मीटरच्या इव्हेंटला बॅरलची मर्यादा १५३ आहे. स्पर्धेत उतरायचं असेल तर साडेपाचचंच शोधा, नाहीतर एवढे पैसे घालून लाइनवर नेलं आणि तपासणीत बाहेर. वजनाची मर्यादा १४०० ग्रॅम, हे रिकामं साधारण ११६० भरतं, तिथं अडचण नाही.

दर रविवारी बालेवाडीला जातो. लायसन्सवर वर्षाचा राऊंडचा आकडा ठरलेला असतो त्यामुळं उधळून चालत नाही, घरी ड्राय फायरवर, म्हणजे बिनगोळीचा चाप ओढायच्या सरावावर भर. पण टू टू रिमफायर आहे, म्हणजे पिन काडतुसाच्या कडेवर आपटते, रिकाम्या चेंबरवर (काडतूस बसतं त्या खणावर) सारखा चाप ओढला तर पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथं खळगा पडू शकतो, म्हणून स्नॅप कॅप, म्हणजे सरावाचं नकली काडतूस, घालूनच करा. राऊंड स्टँडर्ड व्हेलॉसिटीचेच, म्हणजे साध्या वेगाचेच वापरा, हे त्याच्यासाठीच बनवलंय. दुसऱ्या महिन्यात मला एका लॉटचे जरा जास्त जोराचे राऊंड मिळाले, त्यातला एक डबा मारेपर्यंत चार वेळा अडकलं, आणि दोन राऊंड तर वाजलेच नाहीत. तसं झालं की नळी टार्गेटकडं ठेवून तीस सेकंद थांबायचं मगच स्लाइड ओढायची, हे आमच्या कोचनी पहिल्या दिवसापासून डोक्यात बसवलंय. रिमफायरमध्ये पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेत फिरवून भरलेला असतो, कुठंतरी जागा रिकामी राहिली आणि पिन नेमकी तिथंच पडली की फुसका. रेंजवर ह्यानं फक्त एक शॉट जातो. जीव वाचवायला बाळगलेल्या हत्यारात हे घडलं तर काय, हा विचार मला तिथंच लाइनवर उभा असताना पहिल्यांदा आला.

तरी मी बाळगून पाहिलं. जुलैमध्ये तीन आठवडे, चामड्याचं होल्स्टर खास शिवून घेतलं, वरून सैल शर्ट. एक किलोच्या वरचं वजन आणि साडेदहा इंच लांबी कमरेवर. स्कूटरवर बसलं की नळी मांडीत रुतते, गाळ्यात गादीवर बसलं की मूठ बरगडीत. टार्गेटची लाकडी ग्रिप जाड, ती शर्टातून दिसते, आणि मागची साइट धारदार कोपऱ्याची असल्यानं अस्तरात अडकते. आपल्याकडंच बनणारं निर्भीक रिव्हॉल्वर ५०० ग्रॅमचं आहे हो, आणि ते थर्टी टू! शिवाय पावसाळा आणि घाम. दहाव्या दिवशी स्लाइडच्या डाव्या बाजूला, जिथं अंगाला लागत होतं तिथं, त्या निळसर काळ्या पॉलिशवर तांबूस ठिपके आले. त्या रात्री तेल लावून दोन तास हळूहळू पुसत बसलो, खूप वाईट वाटलं, काकांनी एवढी वर्षं जपलेलं मी दहा दिवसात गंजवलं.

ट्रिगरचं तर सांगायलाच नको. एवढा हलका चाप, चेंबरमध्ये राऊंड ठेवून कमरेला लावायची माझी छाती झाली नाही. चेंबर रिकामं ठेवलं तर वेळेला दोन्ही हात लागणार. आणि ह्याच्यात मॅगझिन पूर्ण बसलेलं नसेल तर ते वाजतच नाही, रेंजवर ती सोय चांगली, पण बसता-उठता मॅगझिनचं बटण दाबलं गेलं तर तुम्हाला कळणार पण नाही.

दिवसभराचा त्रास वेगळाच. बँकेत घेऊन जाता येत नाही, गाडीत सोडता येत नाही. चतुर्थीला सारसबागेत दर्शनाला जायचं होतं, बायको आत गेली आणि मी बाहेर रस्त्यावर उभा.

शेवटचा दिवस गंगाधाम चौकातला. सिग्नलला एका पोराची बाईक माझ्या आरशाला घासली, तो उतरून अंगावर यायला लागला, त्याच्या मागून अजून दोघं. साधं भांडण होतं, पुण्यात रोज होतं. पण माझं अर्धं लक्ष शर्ट वर गेलाय का, ह्यांना दिसलं तर काय, ढकलाढकलीत कुणी कमरेला हात घातला तर काय ह्याच्यातच. मी माफी मागून निघालो, चूक माझी नसताना. घरी येऊन हात थरथरत होते. बायकोला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही ते सांभाळत होता की ते तुम्हाला?" दुसऱ्या दिवसापासून ते तिजोरीत. गाळ्यातली रोकड आता दुपारीच बँकेत जाते, संध्याकाळचं बरंचसं क्यूआरवर येतं, अंधारात पिशवी घेऊन निघायचं कामच मी बंद केलं.

तर विचारणाऱ्यांना माझं स्पष्ट उत्तर. नेमबाजी मनापासून करणार असाल, रेंज जवळ असेल, राऊंडची सोय असेल तर ४१ घ्या, मला एका दिवसासाठीही पश्चात्ताप झाला नाही, दुसरी जागा मी त्यालाच दिलीय आणि देणारच. कमरेला लावायला म्हणून घेत असाल तर घेऊ नका, कुणी कितीही स्वस्तात देऊ दे. आणि एकातच दोन्ही होईल ह्या हिशोबानं तर अजिबात नको, मी ते तीन आठवडे करून पाहिलंय. खरंच जीवाला धोका असेल तर हलकं थर्टी टू बघा, आणि त्याच्याही आधी आपला रस्ता आणि वेळ बदलता येते का ते बघा.

ठिपके बरेचसे गेलेत, एक राहिलाय स्लाइडच्या कडेला. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढं ढकलणारी) जुनी झालीय असं कोच म्हणतात, नवीन मिळाली की अडकायचं कमी होतं का ते मारून बघून लिहितो.