डीपीकेजी आणि ॲप्ट : दहा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातील चौदा संगणकांची देखभाल गेल्या जूनपासून माझ्याकडे आहे. हे सर्व संगणक डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १२ व्या आवृत्तीवर चालतात, आणि जुन्या मराठी नियतकालिकांची पाने स्कॅन करून टेसरॅक्ट या अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने त्यांतला मजकूर ओळखून घेणे हे त्यांचे मुख्य काम आहे. त्यासाठी लागणारे टेसरॅक्ट, त्याची मराठी भाषेची फाइल आणि लोहित देवनागरी फॉन्ट यांतले काहीही मी संकेतस्थळांवरून शोधून उतरवलेले नाही. सगळे डेबियनच्या भांडारातूनच, म्हणजे तिच्या प्रोग्रॅमांच्या अधिकृत साठ्यातूनच, ॲप्टने बसवले. या दहा महिन्यांत माझा सर्वाधिक वेळ टर्मिनलवरच्या, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायच्या, डीपीकेजी आणि ॲप्ट या दोन साधनांसोबत गेला, आणि त्यांच्याविषयी सविस्तर लिहावे इतका अनुभव आता गाठीशी आहे.

डीपीकेजी आणि ॲप्ट यांच्यातला फरक आधी सांगते, कारण सुरुवातीच्या आठवड्यांतला माझा बराच गोंधळ तिथेच होता. डीपीकेजी हे पाया घालणारे साधन आहे. हातात असलेले डेब पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याची माहिती एकत्र बांधलेली फाइल, उलगडणे, त्यातल्या फाइली जागच्या जागी ठेवणे आणि त्याची नोंद करणे एवढेच ते करते. पॅकेजला आणखी कशाची गरज असेल तर ते तसे सांगते, पण आणून देत नाही. गरजेची पॅकेजेस शोधून, उतरवून, योग्य क्रमाने डीपीकेजीच्या स्वाधीन करण्याचे काम ॲप्टचे. डेबियनची सुरुवात १९९३ साली झाली आणि ॲप्ट त्यानंतर काही वर्षांनी, १९९९ च्या डेबियन २.१ सोबत, सर्वांच्या हाती आले, हे कळल्यावर या दोन साधनांतली कामाची वाटणी मला अधिक उमगली. बाहेरून मिळालेले पॅकेज बसवायचे असेल तर आता मी डीपीकेजीला थेट हात लावत नाही. ‘ॲप्ट इन्स्टॉल’ लिहून पुढे फाइलचा मार्ग ‘./’ ने सुरू करून देते. मग आवश्यक ती इतर पॅकेजेस ॲप्ट स्वतःच आणते.

या साधनांवर माझा खरा विश्वास बसला तो ऑगस्टमधल्या एका दुपारी. पाच संगणकांवर एकाच वेळी अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेली आणि इन्व्हर्टरनेही साथ दिली नाही. वीज परत आल्यावर पाचही संगणक पुन्हा घडवावे लागतील असे गृहीत धरून मी बसले होते. प्रत्यक्षात ॲप्टने पुढे जाण्यास नकार दिला, डीपीकेजीचे काम मध्येच तुटल्याचे स्पष्ट सांगितले, आणि कोणती आज्ञा द्यावी तेही लिहून दाखवले. ‘डीपीकेजी’ आणि त्यापुढे ‘डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए’ एवढी आज्ञा दिल्यावर चार संगणक काही मिनिटांत पूर्ववत झाले. पाचव्यावर एक पॅकेज अर्धेच उलगडले गेले होते. ते ॲप्टने पुन्हा बसवून घेतले.

हे कसे साधते ते पाहण्यासाठी मी नंतर ‘/व्हार/लिब/डीपीकेजी’ ही निर्देशिका उघडली. तिथली ‘स्टेटस’ नावाची फाइल साध्या मजकुराची आहे. प्रत्येक पॅकेज कोणत्या टप्प्यावर आहे, म्हणजे अर्धवट बसवलेले, उलगडलेले पण जुळवणी बाकी असलेले, की पूर्ण बसलेले, हे तिच्यात शब्दांत लिहिलेले असते. शिवाय नवी फाइल जुनीवर थेट लिहिली जात नाही. ती आधी शेजारी वेगळ्या नावाने ठेवली जाते आणि मगच नाव बदलून जुनीची जागा घेते, त्यामुळे अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी फाइल सहसा उरत नाही. ‘स्टेटस’ या नोंदवहीची जुनी प्रत ‘/व्हार/बॅकअप्स’ मध्ये ठेवली जाते, हेही मला फार मोलाचे वाटते.

स्वतःचे पॅकेज बनवण्याचा अनुभव मात्र संमिश्र आहे. स्कॅन केलेल्या पानांना ठरावीक पद्धतीने नावे देणाऱ्या आमच्या तीन छोट्या स्क्रिप्ट (आज्ञांच्या फाइली) चौदा ठिकाणी हाताने चढवण्याऐवजी त्यांचे डेब पॅकेज करावे असे मी ठरवले. डेब फाइल म्हणजे एआर स्वरूपाचा गठ्ठा असतो आणि त्यात तीनच गोष्टी असतात: स्वरूपाचा क्रमांक सांगणारी एक लहान फाइल, पॅकेजची माहिती असलेला टार संग्रह (अनेक फाइली एकत्र बांधलेली फाइल) आणि प्रत्यक्ष फाइलींचा टार संग्रह. हे कळल्यावर भीती गेली. नाव, आवृत्ती, आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार), देखभाल करणारी व्यक्ती आणि वर्णन एवढ्या ओळींची ‘कंट्रोल’ फाइल लिहून ‘डीपीकेजी-डेब डॅश डॅश बिल्ड’ दिले की पॅकेज तयार होते.

माझी चूक पुढे झाली. ‘डॅश डॅश रूट-ओनर-ग्रुप’ हा पर्याय मी दिला नव्हता, म्हणून पॅकेजमधल्या फाइलींची मालकी माझ्या खात्याच्या क्रमांकाने, १००० ने, नोंदली गेली. प्रत्येक संगणकावर तोच क्रमांक पहिल्या साध्या खात्याचा, म्हणजे आमच्याकडे वाचकांच्या खात्याचा असल्यामुळे ‘/युएसआर’ मधल्या त्या स्क्रिप्ट कोणीही बदलू शकत होते. हे लक्षात यायला तीन आठवडे गेले. असे पॅकेज बनताना साधनाने ठळक इशारा द्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे. चाचणीच्या आवृत्त्यांसाठी ‘~’ हे चिन्ह मात्र फार उपयोगी पडले: १.०~१ ही आवृत्ती १.० पेक्षा जुनी मानली जाते, त्यामुळे अंतिम पॅकेज आल्यावर चाचणीचे पॅकेज आपोआप बदलले जाते.

सर्वांत जास्त त्रास झाला तो बाहेरून आलेल्या एका प्रिंटर ड्रायव्हरचा. एका उत्पादकाने दिलेल्या त्या पॅकेजमधली, बसवल्यानंतर चालणारी स्क्रिप्ट अपयशी ठरत होती आणि काढताना चालणारी स्क्रिप्टही. पॅकेज धड बसेना आणि निघेना, आणि ते तसे अडकलेले असेपर्यंत ॲप्टची बसवण्या-काढण्याची प्रत्येक आज्ञा त्रुटी दाखवूनच संपे. शेवटी ‘/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो’ मधली काढतानाची स्क्रिप्ट उघडून तिच्यातली सदोष ओळ निष्क्रिय केली, तेव्हा ते निघाले. या स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकारी खात्याच्या, पूर्ण अधिकाराने चालतात आणि त्या काय करतात यावर डीपीकेजीचा काहीही अंकुश नसतो, हा या व्यवस्थेतला मला जाणवलेला सर्वांत गंभीर उणेपणा आहे. तेव्हापासून बाहेरचे कोणतेही पॅकेज मी आधी ‘डीपीकेजी-डेब डॅश ई’ ने उलगडून त्याच्या स्क्रिप्ट वाचते आणि मगच बसवते.

आपण बदललेली सेटिंगची फाइल नव्या आवृत्तीतही बदलली असेल तर डीपीकेजी थांबून विचारते, आणि काहीही न लिहिता एंटर दाबले तर आपलीच फाइल राखते. हे मला योग्य वाटते, जरी रात्री आपोआप चालणारे अद्ययावतीकरण त्यामुळे सकाळपर्यंत अडकून राहू शकते. चौदा संगणकांनी तेच पॅकेज चौदा वेळा उतरवू नये म्हणून एका संगणकावर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवले आहे. त्याविषयी तक्रार करण्यासारखे काहीच घडलेले नाही.

पुढच्या महिन्यात सर्व संगणक डेबियन १३ वर न्यायचे आहेत. त्याआधी प्रत्येकावर ‘डीपीकेजी डॅश डॅश ऑडिट’ चालवून अर्धवट राहिलेले एकही पॅकेज नाही याची खात्री करते आहे. नऊ संगणक झाले, पाच बाकी आहेत.