कोबॉट : बारा टेबलांचा हिशेब

बर्लिनमधील को.अप या को-वर्किंग जागेच्या, म्हणजे वेगवेगळी माणसे टेबल भाड्याने घेऊन आपापले काम करतात अशा सामायिक कार्यालयाच्या, चालकांनी स्वतःच्या गरजेतून घडवलेले कोबॉट हे सॉफ्टवेअर वापरताना, ते सभासदांशी रोज गाठ पडणाऱ्या माणसांनी तयार केले आहे, हे जाणवत राहते. सभासदत्वाच्या योजना, दिवसाचे पास, मीटिंग रूमचे आरक्षण आणि महिन्याची बिले ही कामे ते एकाच ठिकाणी उरकते. आमच्या बारा टेबलांच्या को-वर्किंग जागेत पूर्वी आरक्षणाची वही होती. दुपारी तीनच्या वेळेसमोर दोन नावे, एक पेनाने आणि एक पेन्सिलीने लिहिलेले, हा प्रकार नित्याचाच असे. आता एकाने घेतलेली वेळ दुसऱ्याला घेताच येत नाही, आणि खोलीच्या भाड्याची रक्कम बिलात आपोआप चढते. केवळ एवढ्यासाठीही मी त्याची शिफारस करेन.

माणसे जोडण्याच्या बाबतीत मात्र मी इतक्या ठामपणे बोलणार नाही. सभासदांची यादी पडद्यावर दिसली म्हणून ओळख होत नाही. ती आमच्याकडे तरी चहाच्या थर्मासपाशीच होते. परगावी जाणाऱ्या सभासदांसाठी ‘को-वर्किंग व्हिसा’ ही जुनी, साधी व्यवस्था मला अधिक उपयोगी वाटते. तीत सामील झालेल्या जागा एकमेकींच्या सभासदांना थोडे दिवस विनामूल्य बसू देतात. अटी ज्या त्या जागेच्या असल्यामुळे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.