ब्रेडसाठी घेतलेला ओटीजी : नऊ महिन्यांनंतर

दिवाळीत २८ लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे विजेवरची छोटी भट्टी) घेतला, तो केकसाठी नाही, ब्रेडसाठी. आता जुलै चालू आहे. नाशिकची थंडी आणि मे महिना दोन्ही काढून झाले, तेव्हा लिहायला हरकत नाही. आधीच सांगते, घरात दोघंच असाल तर घेऊ नका. घरचा ब्रेड तिसऱ्या दिवशी वाळतो, पावसाळ्यात तर बुरशीच धरतो. आमच्याकडे माणसं पाच आणि रविवारी समोरच्या फ्लॅटमधली तीन, त्यामुळे दुपारपर्यंतही काही उरत नाही.

यंत्र साधं आहे. तापमान, वरची-खालची कॉइल आणि टायमर, एवढीच बटणं. १६०० वॅटचा आहे, १६ अँपिअरचा प्लग लागतो. एका ब्रेडला फार तर सव्वा युनिट वीज जाते. पहिले तीन ब्रेड वरून काळे आणि आतून गिचका झाले. चूक माझीच समजून मी पाणी कमी-जास्त करत बसले. शेवटी आत ठेवायचा थर्मामीटर आणला, तेव्हा कळलं की बटण २०० वर असताना आत २२५ असतं! आता १७५ वर लावते, टिन खालच्या जाळीवर ठेवते आणि वीस मिनिटांनी वर फॉइल टाकते. मागचा उजवा कोपरा जास्त तापतो, म्हणून मध्ये एकदा टिन फिरवावाच लागतो. फेब्रुवारीत दाराची बिजागरी ढिली झाली. वॉरंटी होती, पण माणूस यायला तीन आठवडे लागले. ते तीन रविवार बेकरीचे पाव आले आणि घरात कुणीही तक्रार केली नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

आमचं माप : २०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम चक्कीची कणीक, २७५ ग्रॅम पाणी, ८ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, थोडी साखर, थोडं तेल. नुसत्या कणकेचा ब्रेड विटेसारखा होतो, कोंड्याचे कण ग्लूटेनची, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाची, जाळी धरू देत नाहीत. खपली गव्हाच्या वाटेला तर जाऊच नका.

पहिल्या दिवशी माझं मळणं बघून सासूबाईंनी परात ओढून घेतली. "अगं, हे मळणं नव्हे, कुरवाळणं झालं. तिंबायला हवं!" पुरणपोळीच्या कणकेवर तयार झालेला हात तो. आपटून आपटून दहा-बारा मिनिटांत त्या असा गोळा करतात की ताणला तर पातळ पडदा होतो आणि पलीकडचा उजेड दिसतो. स्टँड मिक्सर घ्यायचा विचार मी तिथेच सोडला. त्यांना दम लागला की नवऱ्याचा नंबर, मग मुलाचा. मुलगा आठ वर्षांचा आहे, त्यामुळे त्याच्या पाळीला निम्मं पीठ केसांत जातं.

जानेवारीत पीठ फुगायला अडीच तास लागायचे. मग सासूबाईंनी गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी ते बंद ओटीजीत ठेवायला सुरुवात केली, थंडीत इडलीचं पीठही त्या असंच जपतात. मेमध्ये उलटं, पाऊण तासात दुप्पट. जरा लक्ष चुकलं की आंबट वास. उन्हाळ्यात माठातलं पाणी घ्यायचं आणि यीस्ट ३ ग्रॅमवर आणायचं.

एकदा यीस्टच मेलेलं निघालं. पाकीट उघडं ओट्यावर राहिलं होतं. आठ माणसं मिसळीची वाट बघत बसलेली आणि परातीत गोळा जसाच्या तसा. समोरच्या काकूंनी काही न बोलता कढई चढवली आणि त्याच पिठाचे भटुरे तळले. नाशिकात राहून मिसळीबरोबर भटुरे खाल्ले, हे बाहेर सांगू नका. तेव्हापासून यीस्ट फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या बरणीत असतं आणि शंका आली की आधी कोमट साखरपाण्यात टाकून बघते. दहा मिनिटांत फेस आला तरच पुढे.

लादीपाव मात्र जमला. ३०० ग्रॅम मैदा, आठ इंची चौकोनी टिन, नऊ गोळे एकमेकांना खेटून, वरून दुधाचा हात. बेकरीच्या पावाचा हलकेपणा येत नाही, जरा जडच होतो, पण तर्रीत बुडवला तर विरघळत नाही.

जूनमध्ये माझी म्हापशाची मैत्रीण चार दिवस राहायला आली आणि तिने पोईचा हट्ट धरला. पोई म्हणजे कोंड्यात घोळवलेला, आतून पोकळ असा गोव्याचा पाव. पूर्वी त्यासाठी पीठ माडीने फुगवत, तिकडे तिला सूर म्हणतात. आम्ही यीस्टवरच भागवलं. लाकडाच्या भट्टीची तापलेली जमीन ओटीजीत कुठून आणायची? तिने लोखंडी तवा उपडा ठेवला आणि बटण २५० वर नेऊन अर्धा तास तापवला. त्यावर टाकलेली पहिली पोई काचेतून आमच्या डोळ्यांदेखत टम्म फुगली, मुलगा ओरडलाच. मैत्रिणीने तोडून बघितली, वास घेतला आणि म्हणाली, "पोदेराची नव्हे, पण चालेल." पोदेर म्हणजे गोव्याचा पाववाला.

आता दर रविवारी पोईचीच मागणी असते. तव्यावर एका वेळी दोन मावतात आणि खाणारी आठ. २८ ऐवजी ४० लिटरचा घ्यायला हवा होता.