परमिटावर तुमचं नाव आहे का? इंका ट्रेलच्या नावाखाली होणारी फसवणूक

पेरूतला इंका ट्रेल म्हणजे माचू पिक्चू या प्राचीन इंका नगराकडे नेणारी चार दिवसांची जुनी डोंगरवाट. जवळच्या कुस्को शहरात पोहोचेपर्यंत या फसवणुकीचा वाससुद्धा येत नाही. पैसे कित्येक महिन्यांपूर्वी भरलेले असतात, विमानाची तिकिटं झालेली असतात. ट्रेकच्या आदल्या संध्याकाळी एजन्सीच्या ऑफिसात माहिती द्यायला बोलावतात, भिंतीवरच्या नकाशासमोर उभं करतात आणि सांगतात, "ट्रेलवर दरड कोसळलीय, सरकारनं रस्ता बंद ठेवलाय. पण काळजी करू नका, आमच्याकडे दुसरा मार्ग आहे, याहून सुंदर आणि गर्दीही कमी." दुसऱ्या दिवशी ट्रेल नेहमीसारखा सुरू असतो. तुमचं परमिट मात्र कधी काढलेलंच नसतं.

हे का जमतं, ते समजून घ्या. चार दिवसांच्या इंका ट्रेलवर दिवसाला 500 माणसांनाच सोडतात, आणि त्यात गाइड, स्वयंपाकी, पोर्टर सगळे धरलेले असतात. ट्रेकरच्या वाट्याला साधारण 200 जागा उरतात. मे ते ऑगस्टच्या तारखा महिनोन्‌महिने आधी संपतात, फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी ट्रेल पूर्ण बंद असतो. एकट्यानं जायची परवानगी नाही. अधिकृत एजन्सीमार्फतच जावं लागतं. परमिट काढताना प्रत्येकाचं नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि राष्ट्रीयत्व द्यावं लागतं. प्रामाणिक एजन्सी तुमची आगाऊ रक्कम हातात पडली की लगेच परमिट काढते. लबाड एजन्सी ते पैसे फिरवते, "अजून बुकिंग येऊ देत" म्हणत थांबते, आणि तोवर जागा संपतात. पैसे परत करण्यापेक्षा दुसऱ्या मार्गावर नेणं तिला स्वस्त पडतं. तिथं इंका ट्रेलसारखी कोट्याची अट नसते, आणि सामान खेचरांवर लादता येतं. इंका ट्रेलवर खेचरांना बंदी आहे, सगळा बोजा माणसांच्या पाठीवर जातो.

तुम्ही तेव्हा भांडत नाही. हातात चारच दिवस असतात, आणि 3,400 मीटरवरच्या त्या शहरात नुकतंच पोहोचल्यामुळे डोकंही जड असतं.

म्हणून उरलेले पैसे देण्याआधी परमिटाचा पुरावा मागा. आगाऊ रक्कम दिल्यावर काही दिवसांत तुमचं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि निघायची तारीख असलेली परमिटाची प्रत मिळायला हवी. "आरक्षण पक्कं झालं" असा ईमेल म्हणजे परमिट नव्हे. तो कुणीही पाठवू शकतो. प्रत मिळाली की एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहा. दरम्यान पासपोर्ट बदलला असेल तर जुना आणि नवा दोन्ही बरोबर ठेवा आणि एजन्सीला आधीच कळवा. पिस्काकुचोच्या चौकीवर, म्हणजे रेल्वेच्या 82व्या किलोमीटरला, हीच तपासणी होते. तिथे नाव जुळलं नाही तर कुणाची ओळख कामाला येत नाही.

कुस्कोच्या मुख्य चौकात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "एकानं रद्द केलंय, परवाच्या ग्रुपमध्ये एक जागा रिकामी आहे." परमिट दुसऱ्याच्या नावावर होत नाही. रद्द करणाऱ्याची जागा तुम्हाला मिळू शकत नाही, त्यामुळे पुढचं काही ऐकायचीही गरज नाही.

दुसरी फसवणूक अधिक सफाईदार, कारण त्यात कागदोपत्री खोटं फारसं नसतं. 'इंका' हा शब्द कुठल्याही सहलीच्या नावात घालता येतो. 'इंका जंगल ट्रेक'मध्ये अब्रा मालागाच्या 4,300 मीटरच्या खिंडीतून सायकलनं उतरतात, नंतर सांता तेरेसा गाव आणि तिथून रुळांकडेनं चालत पुढे. सालकान्ताय हा वेगळा, अवघड आणि अप्रतिम ट्रेक आहे. तो निवडून केला तर तक्रार कसली? लारेस ट्रेकचंही तेच. पण यातला एकही मार्ग इंती पुंकूतून, म्हणजे सूर्यद्वारातून, माचू पिक्चूत उतरत नाही. मधली अवशेषनगरंही लागत नाहीत: सायाकमार्का, ढगांच्या वर वसलेलं फुयुपातामार्का, आणि उतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचं विन्याय वायना. अमेझॉनकडून येणारी दमट हवा डोंगर चढताना थंड होते, म्हणून या टप्प्यातलं जंगल शेवाळानं आणि ऑर्किडनं माखलेलं असतं. बरेच जण याच टप्प्यासाठी येतात.

ओळखायला दोनच प्रश्न पुरे. पहिल्या दिवशी चालणं कुठून सुरू होतं? 82वा किलोमीटर हे चार दिवसांच्या ट्रेकचं उत्तर, 104वा किलोमीटर हे छोट्या ट्रेलचं, ज्याला वेगळं परमिट लागतं. 'मोयेपाता' किंवा 'सोरायपाम्पा' ऐकू आलं तर तो सालकान्ताय. दुसरा प्रश्न: 4,215 मीटरची वार्मीवान्युस्का खिंड कितव्या दिवशी? नेहमीच्या आखणीत दुसऱ्या. उत्तर देताना विक्रेता अडखळला, तर तो बहुधा मधला दलाल आहे. दलालाकडून घेणं गुन्हा नाही, पण ट्रेक प्रत्यक्षात कोण चालवणार, हे लेखी हवं.

"परतीचा प्रवास समाविष्ट" या शब्दांवरही बोट ठेवा. ट्रेन कुठून कुठे, कोणत्या कंपनीची, किती वाजताची? हे लिहिलेलं नसेल तर शेवटच्या दिवशी माचू पिक्चूच्या पायथ्यापासून हिद्रोएलेक्त्रिका या जलविद्युत केंद्राजवळच्या थांब्यापर्यंत रुळांकडेनं सुमारे 10 किलोमीटर चालायचं आणि तिथून सहा-सात तास व्हॅनमध्ये बसायचं, अशी पाळी येते. ट्रेनच्या तिकिटाचे पैसे मात्र तुम्ही दिलेले असतात.

पोर्टरच्या बाबतीत आणखी एक नमुना. पोर्टरनं जास्तीत जास्त 20 किलो वाहायचं, असा नियम आहे आणि चौकीवर काटा असतो. तुमच्या खाजगी सामानासाठी साधारण 7 किलो मिळतात, झोपण्याच्या बॅगेसह. "सामानाची काळजी आमची" म्हणणारी एजन्सी काट्यापाशी जादा पोर्टरचे पैसे रोख मागते. वजन किती आणि जादा किलोचा दर किती, हे आधी लिहून घ्या. फारच स्वस्त ट्रेक असला तर ती बचत बहुतेक वेळा पोर्टरच्या मजुरीतूनच झालेली असते.

पैसे भरण्याआधी एजन्सीचा 11 अंकी करक्रमांक मागा. पेरूत त्याला 'रूक' म्हणतात. कर विभागाच्या, म्हणजे सुनातच्या, संकेतस्थळावर तो फुकट तपासता येतो. नोंदीत 'आक्तिवो' (व्यवसाय सुरू आहे) आणि 'आबिदो' (दिलेला पत्ता खरा आहे) हे दोन्ही शब्द दिसायला हवेत. तिथलं कंपनीचं नाव आणि बँक खात्याचं नाव एकच असावं. व्यक्तीच्या नावावर पैसे मागितले, तर थांबा. कार्डानं भरलेले पैसे बँकेकडे वाद घालून परत मागता येतात. वेस्टर्न युनियननं गेलेले मिळवणं जवळजवळ अशक्य.

ट्रेक न करता फक्त माचू पिक्चूचं तिकीट घेणाऱ्यांनी सर्किट, म्हणजे आत फिरायचा ठरलेला मार्ग, पाहून घ्यावं. 2024 पासून तीन सर्किटं आहेत. छायाचित्रांत दिसणारं ओळखीचं दृश्य पहिल्या आणि दुसऱ्यातून मिळतं; तिसरं खालून जातं. रस्त्यावरचा विक्रेता "माचू पिक्चूचं तिकीट" एवढंच बोलतो आणि तिसरं हातात ठेवतो.

आणि "सूर्यद्वारातून सूर्योदयाची हमी" लिहिणाऱ्याला हसून पुढे जा. विन्याय वायनाची चौकी पहाटे साडेपाचला उघडते, पुढे तासाभराची वाट, आणि समोर बऱ्याचदा पांढराशुभ्र ढग.

फसलात तर कुस्को सोडण्याआधीच हालचाल करा. पेरूत प्रत्येक व्यवसायाला 'लिब्रो दे रेक्लामासिओनेस' ही तक्रारवही ठेवावीच लागते. ती मागा, करारातलं वाक्य आणि प्रत्यक्षात मिळालेला मार्ग दोन्ही लिहा, आणि तुमची प्रत घ्या. मग पर्यटकांना मदत करणाऱ्या 'आयपेरू'च्या सरकारी कार्यालयात जा. तिथं मदत मोफत मिळते आणि ग्राहक संरक्षण संस्थेकडे, इंदेकोपीकडे, तक्रार कशी न्यायची तेही सांगतात. "इंका ट्रेलऐवजी दुसरा ट्रेक मला मान्य आहे" अशा कागदावर संध्याकाळच्या त्या बैठकीत सही मागतात. ती केली असेल, तर तक्रारीचा पाया तिथेच खचतो.