रात्रभराच्या व्हिडिओ-कलेसाठी मैदान की मंगल कार्यालय?

देशोदेशीच्या व्हिडिओ-कलाकृती संध्याकाळपासून सकाळपर्यंत सलग दाखवण्याचा बेत आम्ही नागपुरात दोनदा पार पाडला. पहिल्या वर्षी पश्चिम नागपुरातील वस्तीलगतच्या एका मैदानावर आणि दुसऱ्या वर्षी एका मंगल कार्यालयाच्या बंद सभागृहात. प्रोजेक्टर तोच होता, कलाकृतींची यादीही बरीचशी तीच होती. प्रदर्शनाचे हक्क मिळवणे, सेन्सॉरचे प्रमाणपत्र किंवा त्यातून सूट मागणे ही धावपळ जागा कोणतीही घेतली तरी चुकत नाही, म्हणून येथे केवळ जागेपुरते लिहितो. नाट्यगृहाचा विचार आम्ही फार लवकर सोडला. तेथील अंधार उत्तम असतो, पण भाडे सत्रांच्या हिशेबाने आकारले जाते, खुर्च्या जमिनीला खिळलेल्या असतात आणि मधूनच उठून जाणाऱ्या प्रेक्षकाला दहा जणांच्या गुडघ्यांवरून वाट काढावी लागते.

मैदानाच्या बाजूने जे बोलले जाते ते खरे आहे, हे आधीच मान्य करतो. शिकवणीवरून परतणारी मुले सायकली आडव्या टाकून बसली. एका ऑटोवाल्याने गाडी कडेला घेतली आणि मागच्या सवारीसह एक सात मिनिटांची कलाकृती शेवटपर्यंत पाहिली. कलादालनाची पायरी जे कधी चढणार नाहीत, असे लोक येथे आपोआप येतात आणि या कलेला असा वाटसरू मिळणे ही लहान गोष्ट नाही. गैरसोयीही होत्या. कोपऱ्यातील हायमास्ट दिवा कोण बंद करू शकते, याचा शोध आम्हाला शेवटपर्यंत लागला नाही. मैदानाला शोभेल असा भव्य पडदा लावल्यामुळे १९७० च्या दशकातील टेपवरची जुनी कामे अगदी विरून गेल्यासारखी दिसली. ती मुळात घरातल्या टीव्हीच्या आकारासाठी आणि ४:३ च्या (रुंदी चार, उंची तीन अशा) चौकटीत घडलेली असतात, हे आम्ही विसरलो होतो. पहाटेच्या दवाने पडदाही ओला झाला. तरीही हे सारे सोसता आले असते.

सोसता आले नाही ते रात्रीचे दहा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीची सवलत देऊ शकते, परंतु आपली तारीख त्या दिवसांत बसवली तरी दोनच तास पदरात पडतात. जानेवारीच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि पडद्यावरचे चित्र डोळ्यांना नीट दिसू लागेपर्यंत साडेसहा होतात. म्हणजे बारा तासांच्या कार्यक्रमात आवाजासह मिळाले साडेतीन तास. नियमाविषयी माझी तक्रार नाही, शेजारच्या घरांत झोपणारी माणसे होतीच. तक्रार आमच्या बेताविषयी आहे. दहानंतर मूक कलाकृतीच दाखवाव्यात, असा एक उपाय सुचला होता. अमेरिकन कलाकार अँडी वॉरहॉल यांचा १९६४ चा ‘एम्पायर’ हा मूकपट ८ तास ५ मिनिटांचा आहे, तेव्हा बंदीचे आठ तास जणू त्याच्यासाठीच राखून ठेवले आहेत, असा विनोदही झाला. (तो व्हिडिओ नव्हे, फिल्म आहे, हे सांगून एकाने त्यावरही पाणी फिरवले.) पण कोणती कलाकृती कोणत्या कलाकृतीनंतर यावी, हे घड्याळ ठरवू लागले की निवडकर्त्याला काम उरत नाही.

मग आम्ही भाड्याने बिनतारी हेडफोन आणले. अनामत रक्कम, नोंदवही, मध्येच उतरणारे चार्जिंग हा व्याप एकवेळ चालला असता. खरी अडचण अशी की हेडफोन नोंद करून आलेल्यालाच मिळतो. दहानंतर रस्त्याने जाणाऱ्याला दिसत होते ते कानांवर काहीतरी चढवून बसलेले वीस-पंचवीस लोक आणि त्यांच्यापुढे एक निःशब्द चेहरा. तो क्षणभर थांबे आणि पुढे जाई. ज्याच्यासाठी मैदान घेतले तोच बाहेर राहिला. सकाळी सहाला आवाज परत मिळाला तेव्हा फटफटू लागले होते आणि चित्र फिके पडत चालले होते.

मंगल कार्यालयाची गोष्ट वेगळी आहे. बंद जागेत, आतल्यापुरत्या आवाजाला तेच नियम रात्रीही मोकळीक देतात, आणि पौषात सहसा लग्नाचे मुहूर्त नसल्यामुळे एरवी सहा महिने आधी भरणारी सभागृहे रिकामी असतात. डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे शहरातील खोल्या आणि सभागृहे मिळणे कठीण होते; त्यानंतरचा हा मोकळा काळ आम्हाला बरा वाटला. खुर्च्या उचलून सतरंज्या आणि गाद्या घालता येतात, बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी वरच्या मजल्यावर खोल्या असतात, जनरेटर असतो आणि स्वयंपाकघर असल्यामुळे पहाटे तर्री-पोहे तेथेच झाले. कार्यक्रम दिवसाही चालवायचा असेल तर मैदानाचा प्रश्नच उरत नाही. ख्रिश्चन मार्क्ले यांच्या २०१० मधील ‘द क्लॉक’सारखी २४ तासांची, पडद्यावरची वेळ बाहेरच्या वेळेशी जुळवून चालणारी कलाकृती कोणाच्या मनात असेल, तर तिला भरदुपारीही अंधारच लागतो.

उणिवा येथेही आहेत. व्यासपीठामागच्या सोनेरी झालरी आणि भिंतींवरचे आरसे झाकण्यात आमची सबंध दुपार गेली, आणि फाटकावर दिव्यांची कमान नसूनही दोन कुटुंबे कोणाचे लग्न आहे हे विचारून परत गेली. पहिला तास सभागृह जवळजवळ रिकामे होते. ऑटोवाला अर्थातच आला नाही, आणि याची रुखरुख मला अजून आहे. मोजदाद आम्ही दोन्ही वर्षी केली नाही. आठवते ते एवढेच की पहाटे तीनला मैदानावर आयोजक सोडून चार-पाच जण शाली गुंडाळून बसले होते, तर सभागृहात सतरंजीवर पाय ठेवायला जागा शोधावी लागत होती. त्यांतले काही घोरत होते हे कबूल करतो, पण घरी कोणी गेले नव्हते.

तेव्हा ज्यांचा कार्यक्रम तीन तासांत आटोपणारा आहे, त्यांनी मैदानच घ्यावे, असे मी म्हणेन. रात्रभराचा बेत असल्यास माझा कल कोठे आहे हे लपलेले नाही, मात्र माझा अनुभव एकेका रात्रीचाच आहे हेही ध्यानात घ्यावे. कार्यालय ठरवण्यापूर्वी दिवसाउजेडी एकदा आत जाऊन सगळे दिवे मालवून पाहावेत. आमच्या सभागृहात छताजवळच्या झरोक्यांतून इतका उजेड येत होता की ऐनवेळी मंडपवाल्याकडून काळे कापड मागवावे लागले, आणि पौषामुळे त्याचे गोदाम बंद होते.