एक मेची अपॉइंटमेंट

आधी आकडा सांगून टाकतो. 1,71,200 रुपये. बायकोला हा आकडा मी एकदम सांगितला नाही, हप्त्याहप्त्याने सांगितला. इथे एका दमात लिहितोय, कारण आपल्या भागात व्हिसा काढून देतो म्हणून फसवायचा धंदा जोरात आहे आणि फसलेले सगळे माझ्यासारखेच तोंड दाबून बसलेत.

लातूर जिल्ह्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे, बावीस वर्षांपासून. दर खरिपाला काउंटरवर उभा राहून मी शेतकऱ्यांना सांगतो, पक्की पावती घ्या, लॉट नंबर बघा, पिशवी अन् टॅग फेकू नका, बियाणं उगवलं नाही तर तेच कामाला येतं. सांगून सांगून घसा बसतो. आणि त्याच मी 37,200 रुपये रोख एका माणसाच्या हातात मोजून दिले अन् पावती मागितली नाही. मागायची लाज वाटली. समोरचा इतकं गोड बोलत होता की पावती मागणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं वाटलं.

परभणीच्या कृषी विद्यापीठात आम्ही तिघं चार वर्षं एका खोलीत होतो. एक आता श्टुटगार्टला आहे, दुसरा आइंडहोव्हनला. पंचवीस वर्षं "ये रे एकदा, ये रे एकदा" चालू होतं. यंदा ठरवलंच. मेच्या तिसऱ्या आठवड्यात बायकोला घेऊन निघायचं, जर्मनीत दहा दिवस, नेदरलँड्सला चार, आणि मृग लागायच्या आत दुकानात परत. पेरणीच्या तोंडावर शटर खाली ठेवणारा दुकानदार पुढच्या वर्षी दुकानदार राहत नाही.

आता कुणी म्हणेल, एवढा शिकलेला माणूस असा कसा फसला? तर ऐका. पासपोर्टवर माझ्या बँकॉकचा शिक्का आहे. पण ती कंपनीची डीलर टूर होती. पासपोर्टची झेरॉक्स अन् दोन फोटो दिले की आपलं काम संपलं, बाकी कंपनी बघते. त्यामुळे व्हिसा म्हणजे कुणीतरी आपल्याला काढून देतं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. शेंगेनचं तसं नाही. युरोपातल्या 29 देशांना तो एकच व्हिसा चालतो, पण पहिल्यांदा काढताना बोटांचे ठसे द्यायला स्वतः हजर राहावं लागतं, आणि कागदावरच्या प्रत्येक ओळीला आपणच जबाबदार असतो. एजंटाने खोटा कागद जोडला तरी सही आपली असते. हे मला कळलं, पण कधी, तर सगळं हातातून गेल्यावर.

एजंटाचा नंबर दिला एका बियाणे कंपनीच्या सेल्सवाल्याने. त्याला कमिशन मिळालं की नाही हे तो आजही सांगत नाही. माझ्या दुकानात त्याला आता चहा मिळत नाही, एवढंच.

संभाजीनगरला दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. काचेचं दार, भिंतीवर आयफेल टॉवर, टेबलावर बोटभर झेंडे. माणूस पस्तिशीचा. पहिल्या मिनिटापासून मला "काका" म्हणायचा. पैसे येत होते तोवर काका, बुडवल्यावर "ओ मिस्टर".

14 फेब्रुवारीला "फाईल ओपनिंग"चे प्रत्येकी 5,000, म्हणजे 10,000. 3 मार्चला "प्रीमियम स्लॉट"चे 25,000. 21 मार्चला पासपोर्ट घेऊन संभाजीनगरला गेलो तेव्हा "अ‍ॅम्बेसी फी" 37,200, ती रोखच हवी म्हणाला, कारण ती "युरोत कन्व्हर्ट" करायची होती. 2 एप्रिलला विम्याचे 13,000. 16 एप्रिलला तिकिटांचे 80,000. झाले 1,65,200. उरलेल्या 6,000 चं पुढे सांगतो, ते जास्त झोंबतात.

आता खरा हिशेब बघा. शेंगेन व्हिसाची फी मोठ्या माणसाला 90 युरो आहे, जून 2024 पासून. तेव्हाच्या भावाने माणशी नऊ हजारांच्या आसपास. वर व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क. हे सगळं केंद्राच्या साइटवर रुपयांत लिहिलेलं असतं आणि पावती अर्जदाराच्या नावाने निघते. त्याने माझ्याकडून माणशी 18,600 घेतले. दुप्पट! युरोचा भाव मोबाइलवर बघायला किती वेळ लागतो? सोयाबीनचा भाव मी दिवसातून चार वेळा बघतो.

श्टुटगार्टच्या मित्राने मात्र आपलं काम चोख केलं होतं. तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन त्याने आमच्या खर्चाचं हमीपत्र काढलं, 29 युरो भरून. फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग असं त्याचं नाव. मी ते पाठ केलं होतं, एजंटाला वाटावं की काकांना सगळं माहीत आहे. मूळ कागद कुरिअरने आला आणि मी तसाच एजंटाला नेऊन दिला. झेरॉक्स काढली नाही. तो म्हणाला, "काका, हे मित्राबित्राचं दाखवायचं नसतं, हॉटेल बुकिंग दाखवू, फाईल स्ट्राँग होते." मी राहणार मित्राच्या घरी आणि कागदावर हॉटेल? तिथेच उठायला हवं होतं. उठलो नाही. उलट घरी येऊन बायकोला सांगितलं, माणूस हुशार आहे.

पण खरी चूक ही नव्हे. खरी चूक 10 एप्रिलची. ती आठवली की आजही जेवण गोड लागत नाही.

त्या दिवशी दुपारी मोबाइलवर अपॉइंटमेंट लेटर आलं. दोघांची नावं, मुंबईचं केंद्र, सकाळी साडेनऊची वेळ, आणि तारीख 1 मे 2025, गुरुवार. माझ्या गल्ल्याच्या वरच कॅलेंडर आहे. त्यावर एक मे लाल शाईत. दरवर्षी त्या दिवशी सकाळी मी झेंडावंदनाला जातो. बायको डबा घेऊन आली होती, तिने लेटर बघितलं अन् म्हणाली, "अहो, त्या दिवशी तर सुट्टी आहे की." मी फोन लावला. तो हसला. "काका, महाराष्ट्र दिन आपल्याला. ते जर्मनीचं काम आहे, त्यांना काय महाराष्ट्र दिनाचं?"

आणि मला हे पटलं! मी बायकोला वर समजावून सांगितलं. तिने मान हलवली अन् डबा उघडला. एक मे हा कामगार दिन आहे, जर्मनीतही सार्वजनिक सुट्टी असते, हे मित्राला फोन करून विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. लेटर आलेला ईमेल साध्या जीमेलचा होता, तेही बघितलं नाही. हे 10 एप्रिलचं. तिकिटांचे 80,000 मी 16 एप्रिलला पाठवले. मध्ये सहा दिवस होते. सहा दिवस ती लाल तारीख माझ्या डोक्यावर लटकत होती.

30 एप्रिलला अक्षय तृतीया. पुरणपोळी, आमरस खाऊन रात्रीच्या लातूर-मुंबईने निघालो. साडेतीन मुहूर्तातला दिवस म्हणून बायकोने बॅगेला हळद-कुंकू लावलं. पासपोर्ट एजंटाकडेच होते, "आमचा मुलगा केंद्राच्या दारात फाईलसकट भेटेल" असं ठरलेलं. सकाळी सव्वानऊला पोचलो. दार बंद. वॉचमन म्हणाला, "आज हॉलिडे है साहब." मी त्याला लेटर दाखवलं. तो वाचायच्या आतच हसला. रोज कुणी ना कुणी असं लेटर घेऊन येतं म्हणे. पण सुट्टीच्या दिवशी आलेले आम्ही पहिलेच!

एजंटाचा फोन बंद. मुलगा नाही. बायको पायरीवर बसली, काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

विमा पॉलिसीवर 30,000 युरोचं कव्हर लिहिलं होतं, नियमाला लागतं तेवढंच. त्याच पायरीवर बसून विमा कंपनीच्या टोल फ्री नंबरला पॉलिसी नंबर सांगितला. असा नंबरच नाही म्हणाले. तिकिटांचा पीएनआर विमान कंपनीच्या साइटवर टाकला, तोही नाही. दोन्ही मिळून चार मिनिटं. ही चार मिनिटं तुम्ही पैसे देण्याच्या दिवशी खर्च करा, मी पैसे गेल्यावर केली.

आता सरकारी दारांची कथा.

लातूरला परत येऊन ठाण्यात गेलो. "ऑफिस कुठाय? संभाजीनगर. मग तिकडं जा." संभाजीनगरला गेलो, जाता-येता एक अख्खा दिवस. "पैसे कुठून पाठवले? लातूरहून. मग लातूरला करा. अन् बंद दार मुंबईत बघितलं ना? मुंबईत पण करता येईल." म्हणजे तीन जिल्ह्यांत गुन्हा घडला आणि एकाही जिल्ह्यात नोंदला जाईना. माझा भाचा वकिली करतो. त्याने सांगितलं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्याला तक्रार घ्यावी लागते, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं 318. हे मी साहेबांना म्हणालो. साहेब म्हणाले, "काका, हा दिवाणी व्यवहार आहे. तुम्ही सेवा मागितली, त्याने दिली नाही." साहेब, मग चोरालाही म्हणा की त्याने सेवा दिली! शेवटी साधा अर्ज घेतला, झेरॉक्सवर शिक्का मारून पोच दिली. पोच म्हणजे एफआयआर नव्हे. घरी येऊन "केस केली" म्हणून निवांत झोपू नका, मी दोन आठवडे झोपलो.

पासपोर्टचं तर विचारूच नका. पासपोर्ट आपल्या खिशात असला तरी मालकी केंद्र सरकारची असते, 1967 च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम 17 मध्ये तसं लिहिलंय. म्हणजे त्या माणसाने सरकारचीच वस्तू दाबून ठेवली होती. हवालदार काय म्हणाला? "हरवला असं लिहून द्या, पाच मिनिटांत दाखला देतो." हरवला नाही हो, त्या माणसाने ठेवून घेतलाय. "मग अवघड आहे." खोटं लिहायला तयार असाल तर व्यवस्था पाच मिनिटांत हलते, खरं सांगितलं तर तारखा. मी लिहून दिलं नाही. त्याचा मला अभिमान वाटावा की नाही, हे अजून ठरत नाही.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तो 6 मे ला. पलीकडच्या मुलीने नीट ऐकून घेतलं, नंबर दिला. पण पैसे कधी गेले, हे विचारल्यावर तिचाही आवाज पडला. तो नंबर पहिल्या तासा-दोन तासांत लावायचा असतो, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. आणि रोख 37,200 तर तिच्या रकान्यातच बसेनात. बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणाले, "पिन तुम्हीच टाकला ना?" टाकला. यूपीआयवर नाव ट्रॅव्हल्सचं नव्हतं, कुणा बाईचं होतं. ते स्क्रीनवर पिन टाकायच्या आधी दिसतं. दरवेळी दिसलं. दरवेळी टाकला.

मेअखेर एका अनोळखी नंबरवरून फोन. "पासपोर्ट पाहिजेत का? 6,000 लागतील." लातूरच्या बसस्टँडवर अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने दुधाच्या पिशवीसारखी पिशवी हातात दिली. मी ठाण्यात आधी फोन केला होता. "माणूस बंदोबस्तात आहे, बघतो." कुणी आलं नाही. मी 6,000 दिले. आपलेच पासपोर्ट आपणच विकत घेतले. पिशवीत मित्राचं हमीपत्र नव्हतं. त्याला सांगायला चार दिवस लागले. त्याला 29 युरोंचं काही वाटलं नाही. माझ्यापेक्षा जास्त शिव्या त्याने एजंटाला घातल्या, तेवढंच बरं वाटलं.

त्या माणसाकडे माझी तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, दोघांची आधारं अजून आहेत. आधारचे बायोमेट्रिक लॉक केले. तुम्ही झेरॉक्स देताना तिच्यावर आडवी रेघ मारून "फक्त व्हिसासाठी" आणि तारीख लिहीत जा.

आणि हो, "नेदरलँड्सचा स्लॉट लवकर मिळतो, तिथून टाकू" असंही तो एकदा म्हणाला होता. ऐकू नका. जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावा. मी 1 मेची तारीख घेऊन तिसऱ्या आठवड्यात उडणार होतो, म्हणजे केंद्र उघडं असतं तरी जेमतेमच. पुण्यात शिकणाऱ्या मुलीने जूनमध्ये गंमत म्हणून तोच फॉर्म माझ्यासमोर भरून दाखवला. एक संध्याकाळ लागली. मध्ये दोनदा चहा झाला.

भाच्याच्या सांगण्यावरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही. पण एकट्याची तक्रार हलकी पडते. त्याच दुसऱ्या मजल्यावर आता दुसऱ्या नावाचा बोर्ड लागलाय, कॅनडा वर्क परमिटचा. आयफेल टॉवर तोच आहे, मी खालून बघून आलो. लातूर, जालना, संभाजीनगरकडे कुणी तिथे पैसे भरले असतील तर यूपीआयचे स्क्रीनशॉट घेऊन माझ्याकडे या, सोबत तक्रार टाकू. मी दुकानात असतो, सकाळी नऊ ते रात्री आठ. फक्त सकाळी युरियाची गर्दी असते, दुपारनंतर या.